साडेसात क्रौंच

गुरुवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला अर्डिस ट्वेटने पामर लिंडग्रेनच्या हातातून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या, काउंटरमागच्या रिकाम्या बरणीत टाकल्या आणि निःश्वास सोडला. सुटले एकदाची, असे तिला वाटले.

बरणी त्याच वर्षी आली होती. मिनेसोटात कायदाच तसा आहे. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही आणखी पाजली आणि त्याने बाहेर जाऊन कोणाचे नुकसान केले, तर भरपाई मागायला लोक त्याच्या दारात येतात तसे तुमच्याही दारात येतात. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या बारचे एक गिऱ्हाईक बर्फावरची गाडी घेऊन थेट कोंबड्यांच्या खुराड्यात घुसले होते. कोंबड्या वाचल्या, बार मेला. तेव्हापासून अर्डिसने धसका घेतला. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आली, आणि दुसरा ग्लास मागणाऱ्याच्या किल्ल्या आधी बरणीत जाऊ लागल्या.

पामरच्या किल्ल्या मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच बरणीत गेल्या. नाव पामर आणि माणूसही नावाला जागणारा. चाळीस वर्षे त्याने नॉर्डबी गावच्या पाट्या रंगवल्या. न्हाव्याची पाटी त्याची, चर्चची त्याची, स्मशानाच्या फाटकावरची अक्षरेही त्याचीच. फक्त उंचावर जायचे नाव काढायचे नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे गुडघे लटपटत. उंचावरची पाटी तो जमिनीवर रंगवायचा आणि दुसऱ्या कोणीतरी वर टांगायची. त्यामुळे गावची पाण्याची टाकी रंगवायची निघाली तेव्हा नगरसभेने त्याला विचारलेसुद्धा नाही. काम मिनियापोलिसच्या एका कंपनीला दिले. कंपनी टाकीवर गावाचे नाव लिहिणार होती आणि त्याखाली एक हसरा मासा काढणार होती.

पामर रोज एक ब्रँडी घ्यायचा. त्या दिवशी चार झाल्या. चौथी ओतताना अर्डिसचा हात अडखळला होता.

"पुरे की रे आता."

"अर्डिस," पामर शांतपणे म्हणाला, "त्या माशाला दात आहेत. माणसासारखे. बघितलंस का तू चित्र?"

त्याची जीभ जड झाली नव्हती, डोळेही साफ होते. निदान तिला तरी तसे वाटले. तिने ओतली. त्याने ती संपवली तेव्हा कुठे तिला किल्ल्यांची आठवण झाली. त्याने त्या मुकाट्याने दिल्या, टोपी घातली आणि चालत बाहेर पडला.

अर्ध्या तासाने तिचा भाऊ लायल स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "लागले वाटतं कामाला परत."

"कोण?"

"रंगवाले. एक जण वर दिसतोय."

अर्डिसने खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिले. कंपनीचे निळे कपडे घातलेले रंगारी तिथे बसून ॲपल पाय खात होते.

"काय हो, तुम्ही किती जण आलात?"

"तिघं."

"चौथा?"

"चौथा कुठला?" त्यांचा मुकादम म्हणाला, आणि मग त्याचा चमचा हवेतच थांबला. "शिडीच्या फाटकाला कुलूप लावलं होतं आम्ही. म्हणजे... लावणार होतो. जेवण झाल्यावर."

सगळा बार बाहेर धावला. एकशे वीस फुटांवर, टाकीला वळसा घालणाऱ्या अरुंद सज्जात एक पिवळी टोपी इकडून तिकडे फिरत होती. गावात पिवळी टोपी एकाच माणसाची होती.

 खुराड्यातल्या कोंबड्या, वकील, दाराला लागलेले टाळे, सगळे एका क्षणात अर्डिसच्या डोळ्यांपुढून सरकले. त्यानंतर, जरा उशिरानेच, पामर खाली पडून मेलेला दिसला, आणि हे शेवटी दिसले याची तिला लाज वाटली.

गावचा एकुलता एक पोलीस म्हणजे लायलचा मुलगा कर्टिस. तो भोंगा घेऊन आला. त्याने भोंगा तोंडाला लावताच अर्डिसने तो हिसकावून घेतला.

"आत्या, अगं सरकारी भोंगा आहे तो!"

"दचकून पडला म्हणजे सरकार झेलणार आहे का त्याला? कोणी ओरडायचं नाही. बंब आण, बंब. शिडी असते त्याला."

"बंब हार्लन चालवतो."

"मग बोलाव हार्लनला."

"मी इथेच आहे," गर्दीतून हार्लन म्हणाला. "किल्ल्या तुझ्या बरणीत आहेत."

"मग नाही मिळणार. दोन बिअर झाल्यात तुझ्या."

"अगं बाई, तिथे माणूस टांगलाय!"

"म्हणूनच म्हणते. एक टांगलाय तेवढा पुरे. तू बंब घेऊन कोणाच्या स्वयंपाकघरात घुसलास, तर तेही माझ्याच बोडक्यावर."

शेवटी शाळेच्या बसवर तीस वर्षे काढलेल्या ओडेगार्डबाईंनी बंब आणला, तोही वाटेतल्या प्रत्येक वळणावर इशाऱ्याचा दिवा लावून, अगदी शिस्तीत. शिडी उभी केली. ती टाकीच्या पायांच्या मध्यापर्यंतच पोहोचली. आता वाट बघण्यावाचून कोणाच्याही हातात काही राहिले नाही, तेव्हा लोकांनी घरून खुर्च्या आणल्या.

वर पामरने मुकादमाचे लांब दांड्याचे ब्रश आणि रंगाचे डबे ताब्यात घेतले होते. खालून नुसते फराटे दिसत. करड्या रंगाचे, मोठमोठे, एकाला एक न जुळणारे. मुकादम डोके धरून बसला. "वाट लावली. सगळं अस्तर परत द्यावं लागणार. हे कोण भरून देणार? बारवाली?"

सगळ्यांनी अर्डिसकडे पाहिले.

तेवढ्यात लायलचा फोन वाजला. पलीकडून आयनर नावाचा म्हातारा शेतकरी बोलत होता. "टाकीवर कोण आहे रे?"

"पामर. रंग फासतोय."

"फासतोय? तू कुठून बघतोयस?"

"टाकीखालून."

"मग तुला काय दिसणार, गाढवा? रेल्वेच्या फाटकापाशी ये." आणि त्याने फोन ठेवला.

लायलने गाडी काढली. शेजारी अर्डिस बसली, मागे मुकादम. नुकसानीचे फोटो काढायला त्याला लांबून जागा हवीच होती. फाटक तिथून पाऊण मैल. रस्त्याच्या मधोमध मक्याने भरलेला एक ट्रक उभा होता आणि त्याचा चालक दार उघडे टाकून पायरीवर उभा होता. अर्डिस त्याला ओरडायला म्हणून खाली उतरली आणि वळली.

टाकीवरून क्रौंच उठत होते.

पहिला अजून जमिनीवर होता, मान खाली, एक पाय उचललेला. दुसऱ्याने पंख अर्धे उघडले होते. तिसरा धावत सुटला होता, आणि धावता धावता त्याचे अंग हलके होत चालले आहे हे डोळ्यांना कळत होते. चौथ्याचे पाय सुटले होते. टाकीच्या गोलाव्याला धरून ते वर वर चढत पलीकडे वळत होते, आणि पलीकडे जाऊन ते आकाशातच शिरत असणार असे बघणाऱ्याला वाटत होते. ऑक्टोबरमध्ये गावावरून जाणारे, सगळ्यांनी जन्मभर पाहिलेले तेच करडे क्रौंच. माशाच्या ओठांसाठी आणलेला तांबडा रंग त्यांच्या कपाळांवर लागला होता. आणि त्यांच्या खाली मुंगीएवढी एक पिवळी टोपी पाचव्याच्या मानेशी झटत होती.

अर्डिस पामरला चाळीस वर्षे ओळखत होती. त्याचे जोडे, त्याचा खोकला, त्याची उधारी न ठेवायची सवय, सगळे तिला ठाऊक होते. हे मात्र ठाऊक नव्हते. रोज दुपारी आपल्यासमोर तीन हातांवर बसणाऱ्या माणसाच्या आत एवढे मोठे काही होते, आणि आपण त्याला शेंगदाणे हवेत का एवढेच विचारत आलो! तिला वकिलाची आठवण उरली नाही.

मुकादमाने फोन वर धरला होता, पण बटण दाबायचे विसरला होता. "हा माणूस कोणाकडे शिकला?" त्याने हळूच विचारले.

"पाट्यांकडे," लायल म्हणाला.

त्या मुलखात कौतुकाचा शेवटचा शब्द म्हणजे 'बरंय'. पीक उदंड आले तरी बरंय, मुलगी डॉक्टर झाली तरी बरंय. म्हाताऱ्या आयनरने तो शब्द उच्चारायला तोंड उघडले, पण तो काही बाहेर येईना. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला. चर्चमध्येसुद्धा ती टोपी निघालेली कोणी पाहिली नव्हती.

साडेपाचला उजेड पिवळा पडू लागला, तोवर अर्डिस आणि लायल टाकीखाली परतले होते. सात क्रौंच झाले होते. आठव्याचे पाय झाले, मान झाली, धड झाले, आणि ब्रश पुन्हा बुडवायला पामर खाली वाकला. वाकला आणि सज्जाच्या जाळीतून त्याला प्रथमच जमीन दिसली.

खाली उभ्या असलेल्यांना एक बारीक किंकाळी ऐकू आली. पिवळी टोपी कठड्याला घट्ट बिलगली ती बिलगलीच.

"मी जाते," अर्डिस म्हणाली.

"तुझे गुडघे?" लायल म्हणाला.

"मी पाजली, मीच उतरवणार."

अठ्ठावन्न वर्षांची बाई, पदरात दोन दुखरे गुडघे, आणि एकशे वीस फूट शिडी. मुकादमाने तिच्या कमरेला पट्टा आवळला. ती कशी चढली ते तिलाही कळले नाही. वर पोहोचली तेव्हा पामर डोळे मिटून बसला होता, आणि त्याच्या मागे भिंतभर नुसते फराटे होते. जवळून तिथे पक्षी नव्हताच. हाताएवढे रुंद करडे पट्टे, वरून पांढरे ओघळ.

"पामर, अरे तुला इथून काही दिसत नव्हतं. मग कसं काढलंस?"

"मला काय विचारतेस? मला खाली ने."

ती त्याच्या खालच्या पायरीवर राहून एकेक पाय हाताने धरून टेकवत उतरली. "डावा. टेकला. आता उजवा. डोळे मीट, उघडू नकोस." अर्धा तास लागला. जमिनीला पाय लागताच पामर गवतावर पालथा पडला आणि त्याने गवत मुठीत धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटले, आपण जिवंत उतरलो म्हणून.

सोमवारी सभा भरली. नगराध्यक्ष रोलँड हाउग शाळेत अर्डिसच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हापासून तिच्याशी वाद घालत आला होता.

"सरळ हिशेब आहे," तो म्हणाला. "पामर वर कसा गेला? दारूनं नेला. दारू कोणी दिली? अर्डिसनं. म्हणजे टाकी खराब कोणी केली? अर्डिसनं."

"म्हणजे ती चित्रं मी काढली?"

"कायद्याच्या नजरेनं, हो."

"मग खाली सही करून येऊ का?"

लोक हसले. रोलँड हसला नाही. "कर्टिस, तू सांग. वास येत होता का त्याच्या तोंडाला?"

कर्टिसने मान खाली घातली. "येत होता. दहा फुटांवरून. सॉरी, आत्या."

टाकी पुन्हा रंगवायचा खर्च बारवर लादावा आणि परवाना रद्द करावा, असा ठराव लिहून झाला. मंजुरी पुढच्या सोमवारी. पामर शेवटच्या रांगेत बसून होता. घरी जाताना तो अर्डिसला म्हणाला, "माझ्यामुळे झालं गं."  खरे सांगायचे तर तिला त्याचा राग यायला हवा होता, पण चालता चालता तिची नजर पुन्हा पुन्हा टाकीकडेच जात होती.

मधल्या आठवड्यात मुकादमाने मागाहून काढलेला फोटो लोकांना दाखवला. शुक्रवारी गाड्या येऊ लागल्या, शनिवारी दोन बस. डुलूथहून आलेली एक म्हातारी रेल्वेच्या फाटकापाशी दिवसभर खुर्ची टाकून बसली आणि संध्याकाळी कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. चर्चमधली कॉफी संपली. रोलँडच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या दुर्बिणी संपल्या.

दुसऱ्या सोमवारी रोलँड उभा राहिला तोच छाती काढून. "पामर हा आपल्या गावचा कलावंत. पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मनानं त्यानं हे काम केलं. बारचा यात काडीचा संबंध नाही."

"आणि वास?" अर्डिसने विचारले.

"टर्पेंटाइनचा होता, आत्या," कर्टिस म्हणाला. "मी नीट आठवून पाहिलं."

अर्डिस ताडकन उठली. "चार ग्लास मी माझ्या हातानं भरलेत! नासधूस होती तेव्हा ती माझी, आणि क्रौंच झाले तर गावाचे?"

"तुझा परवाना वाचतोय ना? मग बस की खाली!"

"नाही बसत!"

मागून पामरचा आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मलाही एकदा सांगून टाका. चाळीस वर्षं रंगवतोय, साधी चिमणी नाही काढली कधी. चार ग्लासांत सात निघाले. मग काढले कोणी? मी की ब्रँडीनं? मला सातव्या पायरीनंतरचं धड आठवत नाही. लोक माझा हात हातात घेतात, आणि मला चोरी केल्यासारखं वाटतं."

 ते प्रश्न सोडवणे सभेच्या कामात नव्हते. सभेपुढे आठवा क्रौंच होता. तो बिनपंखांचा पक्षी नेमका हमरस्त्याच्या आणि बारच्या बाजूला आला होता, आणि येणारा प्रत्येक जण आधी तोच बघून विचारत होता, याला काय झालं? कंपनीने कळवले होते, आम्ही मासे काढतो, पक्षी नाही.

सभा संपल्यावर रोलँड अर्डिसला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "पाज ना त्याला. चारच."

"लिहून दे."

"काय?"

"पहिल्या घोटापासून पामर जे काही करेल, त्याला गाव जबाबदार. खाली तुझी सही."

गेल्या आठवड्यात जबाबदारीवर पाऊण तास बोललेला माणूस आधी दाराला कडी घालून आला. मग त्याने खिशातून पेन काढले.

बुधवारी दुपारी अख्खी सभा बारमध्ये जमली. पामरला पट्टा बांधून तयार ठेवले होते. तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला. पहिला ग्लास, दुसरा, तिसरा. चौथा संपला तेव्हा सगळे श्वास रोखून होते. पामरने सगळ्यांकडे प्रेमाने पाहिले, टोपी काढून टेबलावर ठेवली, टोपीवर डोके ठेवले आणि झोपला.

"आता?" रोलँडने विचारले.

"आता तो तुझा. मान अवघडेल त्याची, घरून उशी आण."

रोलँडने उशी आणली. पामर सहापर्यंत घोरला. मग नगराध्यक्षांनी आणि पोलिसाने त्याला खांद्यांवर टाकून घरी पोचवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्डिस बार उघडत होती तोच तो आला. दाढी केलेली, चेहरा उतरलेला. "बघितलंस ना? ब्रँडीलाही नाही जमत. म्हणजे ते कोणाचंच नव्हतं."

तिने त्याला बसवले आणि कॉफी पुढे ठेवली. "एक वाजता चढलास तू. साडेपाचला मी वर आले. तुझं तोंड माझ्या तोंडापासून एवढ्यावर होतं, वास म्हणून नव्हता. अरे, साडेचार तास त्या वाऱ्यात. किती राहिली असेल ती? दुसरा पक्षी होईपर्यंत राहिली असेल फार तर. पुढचे कोणी काढले?"

पामरने कप खाली ठेवला.

"खरं सांगतेस?"

"मी दारू विकते, पामर. कोण प्यालाय आणि कोण नाही, एवढं तरी मला कळतं."

त्याने दुसरा कप मागितला. तो संपेपर्यंत खिडकीतून त्या बिनपंखांच्या पक्ष्याकडे बघत होता. "बिचारा असा कसा राहील," तो पुटपुटला आणि उठला.

अर्डिसने पट्ट्याची कडी तीनदा ओढून पाहिली. तिसऱ्या पायरीवर त्याचे गुडघे लटपटले. दहाव्या पायरीवर लटपटले. तिने रस्त्याच्या पलीकडे उभे राहून मोजायचे सोडून दिले, पण दुर्बिणीतून तिला स्वच्छ दिसत होते. वरच्या टोकापर्यंत ते लटपटतच होते, आणि तो चढतच होता.

रोलँड हातात कागद फडकवत धावत आला. "पाजलीस? मला न विचारता? अगं, सही माझी आहे त्याच्यावर!"

"कॉफी पाजली," अर्डिस दुर्बीण न काढता म्हणाली. "दोन कप. कॉफीची जबाबदारी माझी."

"पण तो खाली..." रोलँडने वर पाहिले आणि वाक्य तिथेच राहिले. टाकीवर पहिला पंख उघडू लागला होता.